नरक्याचा लिलाव नको, हिशेब हवा

प्रति,
सह्याद्रीतील वनोपजाचा आणि वनौषधींचा कारभार पाहणारे सर्व वनाधिकारी,
तसेच जैवविविधतेसाठी नेमलेल्या राज्य व गाव पातळीवरील समित्यांचे पदाधिकारी यांस

विषय : जप्त नरक्याचा लिलाव रद्द करणे आणि या झाडाच्या तोडीचा, वाहतुकीचा व विक्रीचा हिशेब लोकांसमोर मांडणे

सन्माननीय महोदय, महोदया,
सविनय नमस्कार.

नरक्या हे सह्याद्रीच्या रानातले झाड; त्यात कर्करोगावरच्या औषधांचे मूळ द्रव्य असते, म्हणून त्याची चोरटी तोड होते. आमच्या भागात वेळोवेळी पकडलेला नरक्याचा माल लिलावात काढायचे ठरले आहे. वाळलेल्या ढपल्या, मुळांचे तुकडे आणि सालीची पोती असा हा माल आहे. लिलावाची नोटीस एका कार्यालयाच्या फलकावर लागली असून तिच्यात मालाचे वर्णन ‘जळाऊ लाकूड व किरकोळ वनोपज’ असे केले आहे. मी राधानगरी तालुक्यात लहानशी रोपवाटिका चालवतो. नरक्याची रोपे तयार करतो आणि ज्यांच्या मालकी रानात हे झाड होते त्यांना ती देतो. ही नोटीस वाचून मला गप्प बसवेना.

नरक्या चुलीत घालायला कोणी बोली लावत नाही. आमच्याकडे जळणाला दुसरी लाकडे भरपूर आहेत. या मालावर बोली लावेल तो एकच माणूस, ज्याच्याकडे पुढचे गिऱ्हाईक तयार आहे. त्याला सरकारी पावती मिळेल. मग त्या पावतीच्या आडून नवा चोरटा माल किती दिवस आणि किती खेपा बाहेर जात राहील, हे नाक्यावर उभ्या असलेल्या वनरक्षकाला कसे कळणार? पावतीवर लाकडाचे वजन असते, तोडीची तारीख नसते. वाळलेली ढपली गेल्या वर्षीची की गेल्या महिन्यातली, हे नुसते पाहून सांगणे कठीण असते. ज्यांनी रान ओरबाडले, त्यांच्याच हाती कायदेशीर कागद देणारा हा लिलाव आहे. तो रद्द करा, ही माझी पहिली आणि तातडीची विनंती.

हे पत्र आपल्याबरोबर इतरही वाचतील, म्हणून थोडे झाडाविषयी लिहितो.

नरक्या हे घाटमाथ्याच्या सदाहरित आणि निमसदाहरित रानातले मध्यम उंचीचे झाड आहे. मोठ्या झाडांच्या सावलीत, ओढ्याच्या कडेला, देवराईत ते आढळते. पाने मोठी असतात आणि फांदीच्या शेंड्याला गोळा झालेली दिसतात. पावसाळ्यात पांढुरक्या फुलांचे घोस येतात, त्यांचा वास नाकाला नकोसा होतो. पावसानंतर फळे पिकून जांभळट काळी पडतात. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. जुन्या पुस्तकांत ते मॅपिया फिटिडा म्हणून सापडते. आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत याला कोणी विचारत नव्हते. गुरे तोंड लावत नाहीत, लाकूड इमारतीला चालत नाही, मग तोडायचे कशाला? त्या दुर्लक्षामुळेच हे झाड टिकले.

चित्र बदलले ते त्याच्या खोडात आणि मुळात असलेल्या कॅम्प्टोथेसिन नावाच्या रसायनामुळे. हे द्रव्य पहिल्यांदा सापडले एका चिनी झाडात. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी 1966 साली त्याची रचना उलगडून प्रसिद्ध केली. हे मनसुख वाणी 1925 साली आपल्या नंदुरबारात जन्मले आणि मुंबई विद्यापीठात शिकले. पुढे टॅक्सॉल हे कर्करोगावरचे दुसरे मोठे औषधही याच जोडीने शोधले. आणि 1972 साली टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिले की कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यातही आहे आणि चांगल्या प्रमाणात आहे. चिनी झाडाच्या बरोबरीने औषध उद्योगाची नजर सह्याद्रीकडे वळली ती तिथून.

हे द्रव्य काम कसे करते, तेही थोडक्यात सांगतो. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. त्यासाठी घट्ट पिळलेल्या सुंभासारखा तो गोफ उलगडावा लागतो, आणि उलगडताना पुढे पीळ साचत जातो. टोपोआयसोमरेज-1 नावाचे एन्झाइम एका धाग्याला चीर देते, पीळ सोडवते आणि चीर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या चिरेपाशी जाऊन बसते आणि सांधणे होऊ देत नाही. झपाट्याने वाढणारी पेशी त्यामुळे मरते. मूळ द्रव्याच्या सोडियम क्षारावर 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुग्णांवर चाचण्या झाल्या, पण मूत्राशयाला होणारी इजा आणि इतर दुष्परिणाम इतके होते की त्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्या रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधे निघाली. अमेरिकेत दोन्हींना 1996 साली परवानगी मिळाली. पहिले अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांवर, दुसरे प्रामुख्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरतात. इरिनोटेकॅन आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. स्तनाच्या कर्करोगावर गेल्या काही वर्षांत जी नवी प्रतिपिंडाधारित (अँटिबॉडीवर आधारलेली) औषधे आली, त्यांतल्या काहींना जोडलेला मारक रेणूही याच घराण्यातला आहे. म्हणजे ही मागणी एवढ्यात सरणारी नाही.

माझा या सगळ्याशी संबंध रोपवाटिकेपुरता नाही. माझ्या थोरल्या भावाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. त्याला जी औषधे शिरेतून दिली, त्यांत इरिनोटेकॅन होते. उजेडाने बिघडू नये म्हणून ती बाटली झाकून ठेवत. दादाला जुलाबांनी हैराण केले, पांढऱ्या पेशी घसरल्या, मधल्या एका वेळी डोस पुढे ढकलावा लागला. तरीही या औषधाने त्याला आणखी काही वर्षे दिली आणि त्या वर्षांत त्याने मुलीचे लग्न पाहिले. म्हणून ‘झाड वाचवा, औषध नको’ असे मी कधी म्हणणार नाही. औषध हवे. गरिबाला परवडेल असे हवे. आणि ते ज्या झाडातून येऊ शकते ते झाड पन्नास वर्षांनीही या रानात उभे हवे. या दोन गोष्टींत भांडण नाही. भांडण आहे ते सध्याच्या बेहिशेबी तोडीशी.

आता तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार तोडीच्या पद्धतीची. सुक्या मालाच्या वजनाच्या साधारण 0.1 ते 0.3 टक्के कॅम्प्टोथेसिन हाती लागते. झाडागणिक, जागेगणिक आणि झाडाच्या भागागणिक हा आकडा बदलतो. म्हणजे टनभर सुका माल फोडावा तेव्हा एक ते तीन किलो. मुळात प्रमाण जास्त असते, म्हणून चोर बुंधा कापून थांबत नाही, मूळही उकरतो. गेल्या हिवाळ्यात मी एका ओढ्याच्या उतारावर गेलो तेव्हा कमरेएवढे खड्डे एकापुढे एक पडले होते. माती उताराने ओढ्यात चालली होती. कडेला मुळांची साल सोललेली, बारीक मुळ्या तिथेच टाकलेल्या, पाने वाळून चुरा झालेली. फळे धरलेल्या फांद्याही तशाच फेकल्या होत्या, म्हणजे पुढची पिढीही त्या खड्ड्यातच गेली. नरक्याचे खोड जमिनीपासून हातभर वर कापले तर पुढच्या पावसात बुंध्याला चार-सहा धुमारे फुटतात आणि काही वर्षांत पुन्हा तोडीला येतात, हे मी माझ्या रोपवाटिकेत बघतो आहे. मूळ उपटल्यावर यातले काहीच उरत नाही. हा साधा फरक आपल्या एकाही आदेशात मला आजवर दिसलेला नाही.

दुसरी तक्रार कायद्यातल्या फटीची. अभयारण्यात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, राखीव वनात 1927 चा वन अधिनियम आहे. पण कोल्हापूर, सिंधुदुर्ग, रत्नागिरीतले कितीतरी रान मालकीचे आहे. मालकी रानात झाड तोडण्यावर बंधन घालणारा महाराष्ट्राचा 1964 चा अधिनियम काही ठरावीक झाडांपुरता आहे. त्याच्या अनुसूचीत साग आहे, आंबा, फणस, हिरडा, जांभूळ, खैर आहे. नरक्या नाही. त्यामुळे सरकारी रानातून उकरलेला माल मालकी रानातला म्हणून दाखवला की निम्मे काम झाले. राधानगरी, चांदोली, कोयना आणि कास हा प्रदेश 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्याचा आपण फलकांवर अभिमानाने उल्लेख करता. वारशाच्या हद्दीबाहेर दोन पावलांवर हेच झाड सरपण ठरते, हे पटत नाही.

तिसरी तक्रार गावच्या नोंदवहीची. 2002 च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावच्या शिवारातल्या वनस्पती-प्राण्यांची वही, सांगितली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत दिली, नाहीतर राज्याला दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, आणि मग वह्या धडाधड तयार झाल्या. आमच्याकडच्या एका गावची वही मी पानन् पान वाचली. तीत मोह आणि तेंदू आहेत, जे त्या शिवारात शोधूनही मिळणार नाहीत. नरक्याचे नाव नाही. वही कोणी भरली, ते समितीच्या सदस्यांनाच ठाऊक नव्हते. एका सदस्याला तर आपण समितीवर आहोत हेही माझ्याकडून कळले.

ही नुसती कागदी हलगर्जी वाटेल, पण आता तिची किंमत फार वाढली आहे. 2023 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली, लागवडीखालच्या औषधी वनस्पतींना मंजुरीतून आणि लाभवाटपातून (लाभातला वाटा स्थानिकांना देण्यातून) सूट दिली. त्यासाठी लागवडीचा दाखला हवा, आणि तो गावच्या याच समितीने तिच्याकडच्या नोंदीवरून द्यायचा आहे. ज्या समितीला स्वतःची वही माहीत नाही, तिच्याकडून ‘हा माल लागवडीचा आहे’ असा शिक्का मिळवायला कितीसा वेळ लागेल? मी खरी लागवड करतो. माझ्या रोपांची नोंद करून घ्या म्हणून मी एका कार्यालयात अर्ज दिला, तेव्हा मला दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवले, तिथून परत पहिल्याकडे. अर्जाचा नमुनाच नाही असे शेवटी तोंडी सांगितले. जो नोंद मागतो त्याला नोंद मिळत नाही आणि ज्याला नोंद नकोच आहे त्याचा टेम्पो घाट उतरून जातो.

चौथी गोष्ट गुन्ह्यात अडकणाऱ्या माणसांची. पकडले जातात ते धनगरवाड्यावरचे, वस्तीवरचे मजूर. कुदळ मारायची मजुरी त्यांना रोजावर मिळते आणि आपण काय उकरतो हे अनेकांना माहीत नसते. पंचनाम्यात त्यांची नावे येतात, तारखांना तेच हेलपाटे घालतात. माल कोणी मागवला, कोणत्या गोदामात चालला होता, पुढे कोण त्याचा अर्क काढणार होता, हा तपास पुढे गेल्याचे आम्हाला कधी कळत नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तिथले रान काही लुटले गेले नाही. आमच्या घाटातल्या वस्त्या पिढ्यान् पिढ्या या रानात आहेत. त्यांना चोर म्हणून ओळखण्याआधी राखणदार म्हणून एकदा विचारून तर बघा.

आणखी एक गोष्ट, जी अंशतः आपल्या अखत्यारीबाहेरची आहे, पण मला ती इथे लिहिलीच पाहिजे. ‘कॅन्सरवरचे झाड’ म्हणून नरक्याच्या सालीची पूड विकणारे लोक आता जत्रेत आणि मोबाइलवर दिसू लागले आहेत. वाचकांना माझे हात जोडून सांगणे आहे : ही साल उकळून पिऊ नका, पूड खाऊ नका. त्यापासून बनवलेली औषधेसुद्धा डॉक्टरांना रुग्णाचे रक्त तपासून मोजून द्यावी लागतात. मूळ द्रव्याच्या चाचण्या विषारीपणामुळे थांबल्या होत्या, हे वर लिहिलेच आहे. काढ्यात त्याचे प्रमाण किती उतरले, हे पिणाऱ्याला कळण्याचा काहीच मार्ग नाही. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. तरीही ती होते, आणि आपल्या जप्तीतला माल बाजारात गेला तर त्यातला काही या पुड्यांतही जाईल.

मला माहीत आहे की आपल्यातले कित्येक जण, विशेषतः खालच्या फळीतले वनरक्षक, अपुऱ्या माणसांत आणि अपुऱ्या साधनांत काम करतात. रात्री एकट्याने घाटात गाडी अडवणे सोपे नाही. हा माल पकडला तो त्यांनीच. त्यांच्या कष्टाचा शेवट लिलावात होऊ नये, असेही मला वाटते.

काही उपाय स्वस्त आहेत. कॅम्प्टोथेसिन अतिनील प्रकाशात निळे चमकते. सालीचा चुरा स्पिरिटमध्ये थोडा वेळ भिजवून वरचे पाणी गाळून घ्यावे आणि नोटा तपासायच्या दिव्याखाली धरावे. नरक्या असेल तर निळसर चमक दिसते. दुसऱ्या झाडांचे अर्कही असे चमकू शकतात, म्हणून एवढ्यावर गुन्हा सिद्ध होणार नाही. पण संशयित गाडी थांबवून नमुना पुढे पाठवायला हे पुरेसे आहे. पुढची खात्री पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने (अर्कातले घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीने) होते, आणि ती सोय रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांत आहे. ‘लाकूड ओळखता येत नाही’ हे कारण यापुढे ऐकायला लागू नये.

आता मागण्या, सरळ शब्दांत.

जाहीर केलेला लिलाव रद्द करा. जप्त माल बाजारात न जाता सरकारी संशोधन संस्थेला अभ्यासासाठी द्या, किंवा पंचांसमोर नष्ट करा, आणि जे कराल त्याची वजनासह नोंद जाहीर करा. गेल्या 10 वर्षांत नरक्याचा किती माल पकडला, तो कुठे गेला, किती गुन्हे नोंदले आणि त्यांत व्यापारी किती, मजूर किती, हे तालुकावार प्रसिद्ध करा.

1964 च्या अधिनियमाच्या अनुसूचीत नरक्या घालण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवा. तो घालताना लागवड करणाऱ्या शेतकऱ्याला मात्र जाच होणार नाही असे बघा : लावलेल्या झाडांची नोंद गावातच, ठरलेल्या नमुन्यात, विनाशुल्क आणि ठरलेल्या मुदतीत व्हावी. लागवडीचा दाखला देण्याआधी प्रत्यक्ष शिवारात जाऊन झाडे मोजण्याचे बंधन असावे आणि त्या मोजणीच्या वेळी ग्रामसभेने निवडलेली दोन माणसे हजर असावीत. मूळ उपटण्यावर सरसकट बंदी हवी. लागवडीतल्या झाडालाही हातभर बुंधा राखूनच तोड.

नोंदवह्या नव्याने भरा. या वेळी जे रानात फिरतात त्यांना विचारून भरा : गुराखी, मध काढणारे, वैदू, बाया ज्या रानभाज्या आणतात. बियांच्या झाडांची राखण वस्त्यांकडे द्या आणि तिचा मोबदला द्या. फळ पिकल्यावर बी ताजे असतानाच पेरावे लागते, माझ्या अनुभवात ते ठेवून दिले की उगवण भराभर घटते, म्हणून रोपवाटिका रानाच्या जवळच हव्यात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या रोपवाटिकेने हे काम होत नाही.

आणि जो कोणी उद्योग या झाडापासून द्रव्य काढतो, त्याने कच्चा माल कुठून घेतला हे गावाच्या नावासह जाहीर करावे, असे बंधन घाला. लाभातला वाटा त्याच गावाला मिळावा. दादाच्या औषधाची किंमत आम्ही रुपयात भरली. ज्या रानातून अशी औषधे निघू शकतात त्या रानाच्या लोकांना आजवर वाट्याला आले ते खड्डे आणि कोर्टाच्या तारखा.

माझ्याकडे आमच्या परिसरातल्या फळ धरणाऱ्या नरक्याच्या झाडांची, मला जेवढी ठाऊक आहेत तेवढ्यांची, यादी आहे. ती मी इथे छापत नाही, कारण ती चुकीच्या हाती पडेल. आपला जबाबदार अधिकारी ग्रामसभेत येऊन तिच्या राखणीची लेखी जबाबदारी घेणार असेल तर त्याच दिवशी ती त्यांच्या हाती देईन आणि प्रत्येक झाडापाशी त्यांना घेऊन जाईन.

लिलावाच्या तारखेआधी या पत्राला लेखी उत्तर द्यावे आणि ज्या फलकावर नोटीस लावली आहे त्याच फलकावर ते लावावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
राधानगरी तालुक्यातील एक रोपवाटिकाधारक